वटवाघळांनी पाडलेलं बी

उलटा अशोक आणि पसरट अशोक ही दोन वेगळी झाडं आहेत, हे नाशकातल्या निम्म्या बंगलेवाल्यांना अजून पटलेलं नाही. एक जातो मिटलेल्या छत्रीसारखा सरळ वर, फांद्या अंगाशी घेऊन, पानं खाली सोडून. दुसरा वयात आला की चारी बाजूंना हात पसरतो. पानं सारखीच लांबट, फळं सारखीच जांभळी. पिशवीतल्या रोपात तर दोघांत फरक करणं म्हणजे पाळण्यातलं पोर बघून ते पुढे भांडखोर निघेल की शांत, हे सांगण्यासारखं. पंचवटीत दर्शन करून आमच्याकडे येणारे यात्रेकरू सीतेचा अशोक मागायचे, तो तिसराच. तो ओळखायला काही अक्कल लागत नाही. माझी झोप उडवली ती या पहिल्या दोघांनी.

आणि मी मुळातच धीर नसलेली बाई. कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकणाकडे हात जातो माझा. आमचे हे सातपूरला कारखान्यात पाळीवर जायचे, घरी आले की पेपर उघडून शांत बसायचे. बाहेर गारा पडत असल्या तरी म्हणायचे, "थांबेल की." अशा माणसाशी लग्न झालं आणि सासरी नर्सरी मिळाली. नर्सरी म्हणजे वाट बघण्याचा धंदा. देवाला विनोद सुचतात ते असे.

नर्सरी माझ्या सासऱ्यांची, गंगापूर रोडला. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिकडे अजून द्राक्षाच्या बागा होत्या आणि मधूनमधून नवे बंगले उगवत होते. बंगला बांधला की कंपाउंडला अशोकाची रांग हवीच. त्यामुळे आम्ही सगळ्यांत जास्त रोपं करायचो ती अशोकाची, आणि त्याचं बी आप्पा कधीही झाडावरून उतरवायचे नाहीत. ते आणायचे वटवाघळांकडून.

हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की हसू येतं, पण आमच्याकडे ही जुनी रीत होती. नदीच्या बाजूला एक जुनी चिंच होती. श्रावणाच्या सुमाराला अशोकाची फळं पिकली की वटवाघळं ती कुठून कुठून तोडून आणायची, चिंचेवर उलटी लटकून गर खायची आणि बी खाली टाकायची. सकाळी झाडाखाली बियांचा सडा. गर काढायला नको, धुवायला नको. आप्पा पोतं घेऊन जायचे, पाठोपाठ मी. "फुकटचे मजूर हायेत आपले," ते वर बघून म्हणायचे, "अन् पगार बी त्यांचा त्यांनीच खाल्ला." मी डोक्यावर पदर घ्यायचे, कारण वरून बीच पडेल याची खात्री नसायची. ती वटवाघळं कोणत्या झाडावर जेवून आली, हे विचारायचं तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

त्याच सुमाराला माझ्या वडिलांनी रोपं मागितली.

माझं माहेर पंचवटीच्या पुढे, मखमलाबादच्या रस्त्याला. एका प्लॉटचे दोन भाग, त्यावर दोन घरं: एक बाबांचं, एक काकांचं. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, काका सातपूरला. मी काकांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेलेली मुलगी. मग सरकारी मोजणी झाली, आणि काकांच्या जिन्याची पायरी आमच्या हद्दीत येते असं निघालं. हातभर जागा, त्यापेक्षा जास्त नाही. बाबा म्हणाले, पायरी काढ. काका म्हणाले, आधी तुझी न्हाणी काढ. मध्ये छातीइतकी भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. आमच्यातली माणसं भांडतात, शिव्या देतात, पुन्हा एका ताटात जेवतात. हे दोघे भांडलेच नाहीत. नुसते गप्प झाले. माझ्या लग्नालाही काका आले नाहीत. मंगलाष्टकं चालू असताना मी मान वळवून मांडवाच्या दाराकडे बघत होते आणि मामी मागून चिमटे काढत होती.

तर बाबांना त्या भिंतीला लागून अशोक हवे होते. "रोज सकाळी दात घासताना त्याचं तोंड दिसतं," ते म्हणाले. "माझा दिवस तिथेच नासतो. पण नीट ऐक, उलटाच दे. एक फांदी जरी पलीकडे गेली ना, तर तो बोट दाखवेल, की बघा, हद्दीच्या गोष्टी करणारा हा माणूस! मला मान खाली घालावी लागेल त्याच्यापुढे. ते मी जिवंतपणी करणार नाही."

बाबा हे दात घासता घासता सांगत नव्हते. समोर बसवून सांगत होते. एकलहऱ्याला आयुष्यभर मीटरचे काटे लाल रेषेच्या अलीकडे ठेवण्याची नोकरी केलेला माणूस, त्याला सगळं अलीकडेच लागायचं. मीही छाती पुढे काढून म्हणाले, "बाबा, मी स्वतः निवडून देते." आणि दिली. पानाला भरपूर लाटा असलेली, सडपातळ, देखणी रोपं निवडली, टेम्पोत घालून नेली, स्वतः खड्डे घेऊन लावली. आईनं ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्यानंतर काही महिन्यांनीच एक गिऱ्हाईक नर्सरीत आलं ते तणतणतच. त्यानं आदल्या कुठल्याशा पावसाळ्यात आमच्याकडून अशोक नेले होते. "अहो, निम्मी झाडं सरळ आहेत आणि निम्मी शेजाऱ्याच्या गच्चीकडे निघालीत! काय मिसळ विकता का तुम्ही?" आप्पा त्याला चहा पाजून, नवी रोपं देऊन मोकळे झाले. मी मात्र जागच्या जागी उभी. चिंच, वटवाघळं, पोतं. नदीकाठच्या जुन्या बंगल्यांत मोठमोठे पसरट अशोक होते, आणि वटवाघळाला काय, फळ गोड लागल्याशी कारण.

"आप्पा, आपलं बी मिसळ आहे," मी म्हणाले.

"आसंल," आप्पा म्हणाले. "झाड तर हाय ना? सावली तर देतंय?"

"माझ्या बाबांना सावली नकोय!"

आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या घराण्याशी सोयरीक करताना थोडी चौकशी करायला हवी होती.

तिथून माझ्या पायाला जी भिंगरी लागली ती काही वर्षं सुटली नाही. मी भेटेल त्याला विचारत सुटले, की रोपावरून ओळखायचं कसं. प्रत्येकाकडे उत्तर होतं आणि प्रत्येकाचं वेगळं. आप्पा म्हणायचे, पानाच्या कडेच्या लाटा बघ, जास्त लाटा तो उलटा. पलीकडच्या नर्सरीवाल्यानं सांगितलं, लाटा खोट्या, पालवी बघा, तांबूस पालवी उलट्याची. पालवी दोघांचीही तांबूस येते हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. एक बाई म्हणाल्या, पान चुरगळून वास घ्या. मी इतकी पानं चुरगळली की हाताला तोच वास राहिला आणि ह्यांनी जेवताना विचारलं, आमटीत काय घातलंस. शेवटी शेतकी शाळेतल्या एका सरांना गाठलं. ते म्हणाले, "छातीइतकं होऊ द्या. बाजूच्या फांद्या फुटल्या की खोडाशी काय कोन करतात ते बघा. लगेच खाली वळल्या तर उलटा. आडव्या निघाल्या तर पसरट. त्याआधी कोणी सांगत असेल तर तो थापा मारतोय."

मला त्या सरांचा राग आला, कारण ते खरं बोलत होते. छातीइतकं होऊ द्या! तोवर माझी छाती फुटायची वेळ आली असती.

मी माहेरी वारंवार जाऊ लागले. सीबीएसवरून बस पकडायची, पंचवटी कारंज्याला उतरून रिक्षा करायची, चप्पल दारात काढायची आणि घरात न शिरता तडक भिंतीकडे. आई म्हणायची, "अगं, आईला तरी बघ आधी. का मलाही पानं फुटायला हवीत?" मी प्रत्येक झाडाच्या प्रत्येक कोवळ्या फांदीकडे वाकून, बसून, मान वाकडी करून बघायचे. हळूच बोटानं फांदी खाली दाबायची आणि सोडायची. वर उसळली की पुन्हा दाबायची. भिंतीपलीकडे काकांच्या अंगणात भांड्यांचा आवाज यायचा, कधी काकांचं खाकरणं. मला हाक मारावीशी वाटायची. पण बाबा ओट्यावर बसलेले असायचे, आणि मी तर हद्द राखायला आले होते.

सगळी रोपं शहाण्यासारखी वाढत होती, एक सोडून. पाण्याच्या टाकीजवळचं एक झाड मला वाढता वाढता खटकू लागलं. त्याची नवी पानं रुंद, लाटा कमी. कमरेच्या वर आल्यावर त्याला एक फांदी फुटली ती सरळ भिंतीकडे बोट दाखवत. मी दोन फेऱ्या धीर धरला. माझ्या मानानं ते फार झालं. मग बाबांना म्हणाले, "हे काढू. हे पसरणार."

"सर छातीइतकं म्हणाले होते ना?" बाबांना सगळं लक्षात असायचं.

"सरांना काय जातंय सांगायला!"

मी ते झाड मुळाशी मोठा मातीचा गोळा ठेवून काढलं आणि त्या जागी नर्सरीतलं एक आणून लावलं. ते निवडताना आप्पा, पलीकडचा नर्सरीवाला आणि मी, तिघांनी मिळून पंचनामा केला होता. लाटा भरपूर, पालवी तांबूस, अंग सडपातळ. तिघांचं एकमत. आप्पा म्हणाले, "हे जर पसरलं तर मी मिशी काढीन." काढलेलं संशयित झाड टाकवेना, म्हणून नर्सरीच्या फाटकाशी लावून टाकलं.

पुढचं सांगायला मला अजून जड जातं. फाटकाजवळचं ते संशयित झाड छातीइतकं झालं आणि त्यानं आपल्या सगळ्या फांद्या एकेक करून खाली सोडल्या. ती भिंतीकडे बोट दाखवणारीसुद्धा. त्याच्यासारखा सरळ उलटा अशोक आमच्या नर्सरीत पुन्हा झाला नाही. लोक फाटकात उभे राहून म्हणायचे, असाच हवा. आणि माहेरच्या टाकीजवळचं, तिघांनी पारखलेलं, त्यानं दोन हजार साल उजाडता उजाडता हात पसरले. आप्पांनी मिशी काढली नाही. ते म्हणाले, वटवाघळांनी फसवलं.

पसरला तो नेमका पलीकडे. आमच्या बाजूला टाकी आणि घराची सावली, उजेड सगळा काकांच्या अंगणात. झाड उजेडाकडे जाणार, त्याला मोजणीचा नकाशा कोण दाखवणार? दर पावसाळ्यात फांदी जाड होत गेली. बाबा वर बघायचे आणि माझ्याशी बोलायचे नाहीत. मला म्हणाले असते, तुझ्यामुळे झालं, तर बरं वाटलं असतं. ते नुसतं वर बघायचे. आई मात्र एकदा बोलली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

"मग कापून टाकू," मी म्हणायचे.

"कापली की पडणार कुठे? त्याच्या अंगणात. उचलायला कोण जाणार? तू?"

अशी वर्षं गेली. बाबा निवृत्त झाले, काकाही झाले असणार. काकांकडून बोट दाखवणं नाही, निरोप नाही, वकिलाची नोटीस नाही. मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटायची. प्रत्येक वेळी फोन वाजला की वाटायचं, आलं. बाकीचे अशोक इतके दाट आणि उंच झाले होते की पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बाबांना हवं होतं तसंच झालं होतं. दात घासताना कोणाचंच तोंड दिसत नव्हतं.

शेवटी एका रविवारी मी माहेरी गेलेले असताना बाबांनीच कोयतेवाल्या माणसाला बोलावलं. "तो बोलायच्या आत आपणच काढलेली बरी," म्हणाले. "पडली की हा जाऊन ओढून आणेल. आपल्या कोणाचा पाय त्या अंगणात पडणार नाही." कोयतेवाला सरसर वर चढला. पलीकडच्या साऱ्या फांद्या त्यानं खोडापासून उतरवल्या. मोठी फांदी कडकडत खाली गेली आणि हिरव्या रांगेत एकदम भगदाड पडलं. त्यातून काकांचं अंगण लख्ख दिसलं. भिंतीलगत, फांदीची सावली पडायची नेमक्या त्या जागी, एक आरामखुर्ची होती, पडत्या फांदीतून थोडक्यात वाचलेली. शेजारी स्टुलावर पेपर आणि चष्म्याचं घर. खुर्चीखालची जमीन पायांनी घासून गुळगुळीत झाली होती. मी खोडाला धरून उभी राहिले.

जिन्याच्या त्याच पायरीवरून काका उतरले. केस सगळे पांढरे, अंगात बनियन. त्यांनी पडलेल्या फांद्यांकडे बघितलं, उघड्या पडलेल्या खुर्चीकडे बघितलं आणि भिंतीशी येऊन ओरडले, "कोणाला विचारून तोडलंस रे?"

बाबा क्षणभर भांबावले. मग तेही भिंतीशी गेले. "माझं झाड आहे!"

"झाड तुझं! फांदी माझ्या अंगणात होती! हद्द तूच शिकवलीस ना? माझ्या हद्दीतली फांदी तोडणारा तू कोण?"

"कचरा पडतो म्हणून बोंबलला असतास!"

"बोंबललो का कधी? पाच-सहा उन्हाळे बसलोय मी तिच्याखाली. बोंबललो का?"

आई कणकेच्या हातानं बाहेर आली. कोयतेवाला वरच बसून राहिला, त्याला उतरायचं की नाही कळेना. आणि एकदा तोंड फुटल्यावर दोघे थांबेचनात. पायरी निघाली, न्हाणी निघाली, मोजणीवाल्याला कोणी चहा पाजला तेही निघालं. मग काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या लग्नाची पत्रिका तू मला टपालानं पाठवलीस! भिंतीपलीकडच्या घरी टपालानं! घरचं लग्न, आणि भावाला अक्षत देऊन बोलवायला दहा पावलं तुझ्यानं चालवली नाहीत?"

"घरच्या माणसाला बोलावणं लागतं?" बाबांचा आवाज फुटला. "मी मंगलाष्टकं संपेपर्यंत मांडवाबाहेर रस्त्यावर उभा होतो. तू येशील म्हणून."

मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, काकांची वाट मीच एकटी बघत होते. शेजारपाजारचे भिंतीवरून डोकावायला लागले होते, आई माझा दंड धरून म्हणत होती, "अगं, सोडव त्यांना, काहीतरी कर," आणि मी काहीही करत नव्हते. मला आनंद झाला होता. लाज वाटावी इतका आनंद. हे दोघे भांडत होते, एकमेकांच्या तोंडाकडे बघून, अरे-तुरे करून, लहानपणीच्या खोड्या काढून. असं भांडण मी कितीतरी वर्षं ऐकलं नव्हतं.

काकांनी काहीतरी पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि शब्दच येईना. ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. काकांनी हातानं नको, नको अशी खूण केली, खुर्ची फरफटत भिंतीपासून दूर नेली आणि तिच्यावर बसले, ऐन उन्हात.

बाबा ओट्यावर येऊन टेकले. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी नुसता धरून ठेवला.

"दम लागतो त्याला," ते म्हणाले. "कधीपासून लागतो?"

आईला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. बाबा आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत राहिले, जणू आम्हीच त्यांच्यापासून काही लपवलं होतं. मग ते तांब्या तसाच हातात घेऊन उठले, अनवाणीच फाटकाबाहेर गेले आणि थोड्या वेळानं पलीकडच्या फाटकाची कडी वाजली.